निंबोळी तेलाची प्रक्रिया 'नवा शोध' ठरते का? पेटंटची कसोटी समजून घ्या

हातकणंगले तालुक्यात ५ टक्के निंबोळी अर्क बहुतेक शेतकऱ्यांना माहीत आहे. आपण तो पाण्यात काढतो, तर कारखान्यात द्रावक वापरून निंबोळीचे तेल काढतात. अशा एका पद्धतीवर परदेशात पेटंट दिले गेले होते. ते रद्द होताना शेजारच्या सांगली जिल्ह्यातील चाचण्या कामी आल्या.

प्रकरण काय होते?

अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना १९९४ मध्ये युरोपीय पेटंट मिळाले. द्रावकाने काढलेल्या निंबोळी तेलात इमल्सिफायर व पाणी मिसळून पिकावरील बुरशीसाठी फवारायचे, अशी ती पद्धत होती. वंदना शिवा व इतरांनी त्याला विरोध केला. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत अशाच चाचण्या झाल्याचे शपथपत्र पुराव्यात आले. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. त्यावरील अपीलही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले.

कसोटी कशी लावतात?

आपल्या पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जेए) नुसार शोध त्या विषयातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नसावा. त्यासाठी तीन प्रश्न विचारा:

१. अर्जाच्या तारखेपूर्वी काय माहीत होते?
२. नव्या प्रक्रियेत नेमका फरक कोणता?
३. सामान्य जाणकाराला तो फरक सहज सुचला असता का?

एका प्रचलित द्रावकाऐवजी तसाच दुसरा वापरला आणि परिणाम अपेक्षेप्रमाणेच आला, तर तो सहसा शोध ठरत नाही. परिणाम जाणकारांनाही अनपेक्षित असेल, तर बाजू बळकट होते. उत्तर कळल्यावर सगळेच सोपे वाटते, म्हणून विचार अर्जाच्या तारखेला उभे राहून करावा.

आपण काय करावे?

- "पूर्वापार करतो" एवढे सांगून भागत नाही. तारीख, प्रमाण, पीक व परिणाम लिहून ठेवा.
- घरातली वही पुरेशी नाही. जाहीर प्रात्यक्षिक किंवा छापील लेख हा भक्कम पुरावा असतो.
- स्वतः पेटंट घ्यायचे असेल, तर आधी अर्ज करा, मगच माहिती जाहीर करा.
- भारतात अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही कलम २५(१) खाली लेखी विरोध नोंदवू शकतो.