भरतीचे नवे सॉफ्टवेअर आणि कर्मचाऱ्यांचा स्वीकार : गैरसमज व वस्तुस्थिती

भरती-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे रिक्त पदाची मागणी नोंदवण्यापासून निवडलेला उमेदवार रुजू होईपर्यंतचा सर्व व्यवहार एका ठिकाणी ठेवणारे सॉफ्टवेअर होय. आलेले अर्ज साठवणे, त्यांतील शिक्षण व अनुभवाची माहिती वेगळी काढणे, मुलाखतींच्या वेळा ठरवणे, मुलाखतकारांचे अभिप्राय नोंदवणे आणि ऑफर लेटर तयार करणे ही तिची मुख्य कामे आहेत. हिंजवडीतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या असोत वा चाकण-रांजणगावचे कारखाने, ही कामे अनेक ठिकाणी एक्सेलचे तक्ते, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि फोन यांवर वर्षानुवर्षे चालत आली आहेत. त्यामुळे नवी प्रणाली विकत घेतल्यानंतरही प्रत्येक भरती अधिकाऱ्याचा स्वतःचा तक्ता चालूच राहतो आणि प्रणालीत अर्धवट नोंदी साचत जातात. याचा दोष बहुधा कर्मचाऱ्यांच्या स्वभावाला दिला जातो. परंतु या विषयावरचे संशोधन स्वभावापेक्षा कामाच्या मांडणीकडे, म्हणजे वाढलेले श्रम कोणाच्या वाट्याला आले आणि त्यांचा लाभ कोणाला मिळाला या प्रश्नाकडे, बोट दाखवते.

गैरसमज १ : कर्मचारी बदलाला घाबरतात, म्हणून नवी प्रणाली वापरत नाहीत.

वस्तुस्थिती : ही समजूत व्यवस्थापनाला सोयीची वाटते, कारण ती मान्य केली की प्रणालीची किंवा तिच्या आखणीची तपासणी करावी लागत नाही. माहिती-प्रणालींच्या अभ्यासक एम. लिन मार्कस यांनी १९८३ मध्ये एका मोठ्या कंपनीतील वित्तीय माहिती-प्रणालीचे उदाहरण मांडले. त्यात मुख्यालयातील लेखापालांनी ज्या सॉफ्टवेअरचे स्वागत केले, त्यालाच विभागीय लेखापालांनी दीर्घकाळ विरोध केला. दोन्ही गटांचा पेशा एकच होता. पण विभागांकडे असलेला माहितीवरील ताबा नव्या रचनेत मुख्यालयाकडे जाणार होता. जोनाथन ग्रूडिन यांनी १९८८ मध्ये अनेकांनी मिळून वापरायच्या सॉफ्टवेअरच्या अपयशाची मीमांसा करताना असे दाखवले की, अधिकचे काम एकाला करावे लागते आणि फायदा दुसऱ्यालाच होतो, तेव्हा ते काम हळूहळू टाळले जाते.

भरतीत हा विषमपणा विशेष ठळक असतो. पूर्वी विभागप्रमुख मुलाखत संपताच ‘मुलगा चांगला आहे, पुढे घ्या’ एवढे फोनवर सांगून मोकळा होत असे; आता त्याला निकषवार गुण व लेखी अभिप्राय नोंदवावा लागतो आणि त्यातून तयार होणारा अहवाल मात्र वरिष्ठांच्या बैठकीत जातो. भरती अधिकाऱ्याची स्थिती याहून नाजूक असते. वर्षानुवर्षे जोडलेले उमेदवारांचे संपर्क हे त्याचे भांडवल असते आणि किती जण रुजू झाले यावर त्याचे मूल्यमापन होत असते, त्यामुळे ते संपर्क सामाईक साठ्यात टाकताना त्याने हात आखडता घेतला तर त्याला अज्ञान म्हणता येत नाही. यावरचा उपायही मांडणीतच आहे. उमेदवार प्रथम कोणी शोधला याची नोंद कायम राहावी, तो पुढे दुसऱ्या विभागात निवडला गेला तरी श्रेय मूळ अधिकाऱ्याला मिळावे, विभागप्रमुखाला आपली जागा कोणत्या टप्प्यावर अडली आहे हे कोणालाही न विचारता दिसावे आणि ज्या रकान्यातील माहिती पुढे कोणीच वापरत नाही तो रकाना काढून टाकावा, एवढ्या चार गोष्टींनी विरोधाचे मूळ बरेच सैल होते.

गैरसमज २ : सॉफ्टवेअर सोपे असले की ते आपोआप वापरात येते.

वस्तुस्थिती : सोपेपणा आवश्यक असला तरी तो पुरेसा नसतो. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये चार संगणकीय प्रोग्राम आणि १५२ वापरकर्ते यांच्या आधारे तंत्रज्ञान-स्वीकाराचे दोन घटक तपासले : या साधनामुळे आपले काम सुधारेल असे वाटणे, म्हणजे जाणवलेली उपयुक्तता, आणि ते वापरायला फारसे कष्ट पडणार नाहीत असे वाटणे, म्हणजे जाणवलेला सोपेपणा. यांपैकी उपयुक्ततेचा प्रत्यक्ष वापराशी असलेला संबंध लक्षणीयरीत्या अधिक घट्ट आढळला.

म्हणून प्रणालीची ओळख तिच्या वैशिष्ट्यांच्या यादीने करून देण्यापेक्षा कर्मचाऱ्याच्या रोजच्या कोणत्या कटकटी कमी होतील, तेथून करून देणे हिताचे ठरते. दोन प्लेसमेंट कन्सल्टंटांनी एकच उमेदवार पाठवला की शुल्क कोणाला द्यायचे यावर वाद होतो. प्रणालीत अर्ज कोणाकडून आधी आला याची तारीख व वेळ आपोआप नोंदली गेल्याने तो वाद पुराव्यानिशी मिटू शकतो. निवडलेल्या उमेदवाराचा नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर मधल्या काळात संपर्क तुटून तो दुसरीकडे जाण्याची भीती असते. ठरावीक दिवसांनी त्याला फोन करण्याची आठवण प्रणाली करून देऊ शकते. ज्याने अशी अडचण स्वतः सोसलेली आहे, त्याला उपयुक्तता वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

गैरसमज ३ : सुरुवातीला एकदा सर्वांना प्रशिक्षण दिले की पुरे.

वस्तुस्थिती : हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मृतिविषयक प्रयोगांत असे दिसले की, शिकलेल्या मजकुराचा मोठा भाग शिकल्यानंतरच्या थोड्याच काळात विसरला जातो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. ते प्रयोग निरर्थक अक्षरसमूहांवर व त्यांनी स्वतःवरच केलेले असल्याने त्यांतील आकडे कार्यालयीन प्रशिक्षणाला जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. परंतु वापराविना राहिलेले ज्ञान टिकत नाही, हे सूत्र येथेही लागू पडते. ज्या विभागप्रमुखाकडे वर्षातून एखाददुसरीच जागा रिकामी होते, त्याला जूनमधल्या सत्रात दाखवलेल्या पायऱ्या डिसेंबरमध्ये आठवाव्यात ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्याच्या मागणीला मंजुरी मिळेल त्याच आठवड्यात, त्याच्याच जागेचे उदाहरण घेऊन दिलेली छोटी शिकवणी अधिक उपयोगी पडते. भरती अधिकाऱ्यांना मात्र काल्पनिक उमेदवार भरलेली सरावाची प्रत आधी वापरायला मिळावी, म्हणजे चुकून खऱ्या उमेदवाराला नकाराचा ईमेल जाण्याची धास्ती न बाळगता हात बसतो.

शिकवणारा कोण, यालाही महत्त्व आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांच्या १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मक्याच्या संकरित बियाण्याच्या प्रसारावरील अभ्यासात, बियाण्याची पहिली माहिती शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्यांकडून मिळाली, पण ते पेरण्याचा निर्णय घेताना शेजारच्या शेतकऱ्याच्या अनुभवाचा प्रभाव अधिक पडला, असे आढळले. शिवाय अनेकांनी ते प्रथम शेताच्या लहान तुकड्यावरच करून पाहिले. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात अशा अभ्यासांच्या आधारे, नवी गोष्ट थोड्या प्रमाणात करून पाहता येणे आणि तिचे परिणाम इतरांना दिसणे हे स्वीकाराला पोषक घटक मानले. त्यामुळे एका विभागात सुरुवात करून तेथील सहकाऱ्याला इतरांचा मदतनीस नेमणे, आणि त्यासाठी त्याच्या रोजच्या कामातून वेळ काढून देणे, हा मार्ग विक्रेत्या कंपनीच्या सादरीकरणापेक्षा भरवशाचा आहे.

गैरसमज ४ : सक्तीचा आदेश काढला की स्वीकार झाला.

वस्तुस्थिती : विश्वनाथ वेंकटेश आणि फ्रेड डेव्हिस यांच्या २००० मधील अभ्यासात, वापर सक्तीचा असताना वरिष्ठांच्या अपेक्षेचा कर्मचाऱ्यांच्या इराद्यावर सुरुवातीला परिणाम होतो, पण अनुभव वाढत गेला की तो ओसरतो आणि साधनाच्या उपयुक्ततेचा विचार टिकून राहतो, असे दिसून आले. नुसत्या आदेशाने भरतीत जे घडते ते परिचित आहे : निवड फोनवर व व्हॉट्सअ‍ॅपवरच होते आणि महिनाअखेरीस अहवालापुरत्या सर्व नोंदी एकाच दुपारी भरल्या जातात. अशा वेळी किती जणांनी लॉगिन केले हा आकडा समाधानकारक दिसतो, पण नोंदींवरून कोणताही निर्णय घेता येत नाही. मुलाखतीचा अभिप्राय मुलाखतीच्याच दिवशी नोंदला गेला का, हे पाहणे स्वीकाराचा अधिक प्रामाणिक पुरावा आहे.

याचा अर्थ नियम नसावा असा नाही. दोन वाटा कायम उघड्या ठेवल्या तर प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्यालाच दुप्पट काम पडते. म्हणून प्रणालीतील त्रुटी दूर झाल्यावर एक तारीख जाहीर करून, त्यानंतर ऑफर लेटर प्रणालीतूनच निघेल आणि आढावा बैठकीत एक्सेलचा तक्ता मागितला जाणार नाही, असा नियम करणे न्याय्य ठरते. तो नियम वरिष्ठांनी स्वतः आधी पाळला पाहिजे, कारण व्यवस्थापकानेच जुना तक्ता मागवला की आदेशाचा अर्थ उरत नाही.

गैरसमज ५ : जुनी सर्व माहिती नव्या प्रणालीत आणलीच पाहिजे.

वस्तुस्थिती : निकृष्ट माहिती जशीच्या तशी आणल्याने कर्मचाऱ्यांचा विश्वास पहिल्याच आठवड्यात उडू शकतो. महाराष्ट्रात याला एक खास कारण आहे. येथील शालान्त प्रमाणपत्रांवर आडनाव आधी आणि नाव नंतर येते, तर सॉफ्टवेअरमध्ये पहिला रकाना बहुधा नावाचा असतो. शिवाय एकच आडनाव रोमन लिपीत वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिले जाते. परिणामी एकच व्यक्ती दोन उमेदवार म्हणून उमटते. नावाऐवजी मोबाइल क्रमांक व ईमेल यांची जोडी ताडून पाहिल्यास असा घोळ बराच कमी होतो.

दुसरा मुद्दा कायद्याचा आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असून, ज्या कारणासाठी माहिती घेतली ते कारण संपल्यावर आणि अन्य कायद्याने ती ठेवणे आवश्यक नसल्यास ती पुसून टाकण्याचे बंधन या कायद्यात आहे. सुरक्षिततेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कित्येक वर्षांपूर्वीचे बायोडेटा कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक संगणकांवर पडून राहणे हा म्हणूनच धोका आहे, आणि चालू जागांचे अर्ज तेवढे निवडून आणणे हे कर्मचाऱ्यांच्या सोयीचे आणि कायद्याशी सुसंगतही आहे.

गैरसमज ६ : निवड आता यंत्र करील आणि भरती अधिकाऱ्याची गरज संपेल.

वस्तुस्थिती : अर्जातील मजकूर वाचून तो रकान्यांत विभागणे, ठरवून दिलेल्या अटीत न बसणारे अर्ज बाजूला काढणे आणि उरलेल्यांची क्रमवारी लावणे ही तीन वेगळी कामे आहेत, आणि कोणते काम प्रणाली कशाच्या आधारे करते हे कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगितले नाही तर भीती वाढते. अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून विकसित केलेले अर्जांना गुण देणारे प्रायोगिक साधन पूर्वीच्या, प्रामुख्याने पुरुषांच्या, अर्जांवरून शिकले होते. महिलांच्या संघाचा किंवा मंडळाचा उल्लेख असलेल्या अर्जांना ते कमी लेखत असल्याचे आढळले आणि कंपनीने तो प्रकल्प सोडून दिला, असे वृत्त रॉयटर्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिले. न्यूयॉर्क शहराने पुढे अशा स्वयंचलित निवड-साधनांची पक्षपाताच्या दृष्टीने तपासणी सक्तीची केली आणि जुलै २०२३ पासून त्या कायद्याची अंमलबजावणी सुरू केली. यंत्राच्या क्रमवारीला प्रश्न विचारणारा अनुभवी माणूस त्यामुळे अनावश्यक होत नाही, उलट त्याची जबाबदारी वाढते. आणि ती पार पाडायची तर क्रमवारी बदलण्याचा व तसे करण्याचे कारण नोंदवण्याचा अधिकार त्याला असला पाहिजे.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष असा की, स्वीकाराचे काम खरेदीनंतरच्या प्रशिक्षणापासून सुरू होत नाही, तर खरेदीपूर्वी भरती अधिकारी व विभागप्रमुख यांना प्रणाली हाताळायला देऊन त्यांचे आक्षेप ऐकण्यापासून सुरू होते. ज्याच्यावर नोंदीचे श्रम पडतात त्याला तिच्या लाभाचा वाटा मिळतो की नाही, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारणारी संस्था कर्मचाऱ्यांशी न्यायाने वागते. त्या न्यायाचा लाभ अखेर उमेदवारापर्यंत पोहोचतो, कारण रजा टाकून आणि पदरमोड करून मुलाखतीला आलेल्या माणसाला होकार वा नकार वेळेवर कळणे हे त्याची नोंद त्याच दिवशी व मनापासून करणाऱ्या कर्मचाऱ्यावरच अवलंबून असते.