गजाआडचा दिवाणी हक्क

माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याच्या जमिनीचा वाद, भाडेकरार किंवा पोटगीचा दावा थांबत नाही. मुदत कायद्यात कैद ही सवलतीची बाब नाही. मुदतीचे दिवस सरतच राहतात. भावाने वाटणीचा दावा लावला तर समन्स तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याच्या हाती येते. कैफियत दाखल करायला मिळतात 30 दिवस, फार तर 90. तेवढ्यात वकील गाठायचा, सातबारा आणि फेरफाराच्या नकला मिळवायच्या, वकालतनाम्यावर सही करायची. बाहेरच्यांचीही यात दमछाक होते.

कायद्याने मदतीचे दार उघडे ठेवले आहे. ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अपिलासाठी कैद्याला निकालाची प्रत आणि गरजेप्रमाणे मोफत वकील देणे बंधनकारक ठरवले. तो खटला फौजदारी होता. पण 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम 12 कोठडीतील व्यक्तीला दिवाणी दाव्यातही मोफत मदतीचा हक्क देते. म्हणून तुरुंगातील विधी सहाय्य केंद्राने जामीन आणि अपिलापुरते थांबता कामा नये.

गुन्हेगारांवर सरकारी पैसा कशाला, असा आक्षेप येतो. पण देशातील बहुसंख्य कैदी कच्चे आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. खोट्या दाव्यांची भीती असेल, तर प्रथमदर्शनी तथ्य असल्याशिवाय मदत देऊ नये, ही अट त्याच कायद्यात आहे. शिक्षा स्वातंत्र्य हिरावते. घर आणि शेत हिरावण्याचा अधिकार तिला कोणी दिलेला नाही.