कमी शक्तीची काडतुसे आणि सुरक्षितता

रिव्हॉल्व्हर अथवा रायफलीच्या वापरलेल्या पुंगळीत बेताची दारू भरून सौम्य काडतूस तयार करण्याची प्रथा अमेरिकेतील नेमबाजांत रूढ आहे. धक्का व आवाज कमी व्हावा, हा त्यामागील हेतू होय. परंतु दारू कमी म्हणजे धोका कमी, हे समीकरण सर्वस्वी खरे नाही. दाब अपुरा पडल्यास गोळी नळीतच अडकते. ते लक्षात न येता पुढील गोळी झाडल्यास नळी फुटून नेमबाज जायबंदी होऊ शकतो. शिवाय मोठ्या पुंगळीत थोडी दारू भरताना चुकून दुप्पट पडली, तरी ती सहज मावते व चूक उघड होत नाही.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार काडतूस तयार करण्यास परवाना आवश्यक आहे. म्हणून सौम्य सरावासाठी मुळातच लहान असलेले, कारखान्यात तयार झालेले .२२ बोअरचे काडतूस हाच उचित पर्याय ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले, ते याच बोअरच्या रायफलीने.

सारांश, काडतुसाची शक्ती कमी करणे हा अंदाजाचा नव्हे, तर मोजमापाचा विषय आहे.