मागे जागा नसली तरी गळ फेकता येतो

रोहिणखेड परिसरात पाण्याकाठी उभं राहिलं, की पाठीशी बहुधा बाभूळ असतेच. पिसं-दोऱ्याची बनावट माशी टाकून मासे धरणाऱ्या फ्लाय फिशिंगमध्ये ही मोठीच अडचण. माशीला वजन नसतं. वजन दोरीत असतं. त्यामुळे नेहमीच्या फेकीत दोरी आधी मागे लांबवर न्यावी लागते आणि काट्यांत अडकते.

स्कॉटलंडच्या स्पे नदीवरच्या गळकऱ्यांनी यावर तोड काढली. दोरीचं टोक क्षणभर पाण्यावर टेकवायचं, उरलेली दोरी काठीमागे इंग्रजी ‘डी’सारखी फुगवायची आणि लगेच पुढे झटका द्यायचा. पाण्याची पकड काठीला वाकवते, वाकलेली काठी दोरी फेकते. म्हणूनच कोरड्या मैदानावर या फेकीचा सराव नीट जमत नाही.

मूळ तंत्र दोन हातांच्या लांब काठीचं. पण साधारण नऊ फुटी, एकहाती काठीवरही ते उत्तम चालतं. मोकळ्या हाताने दोरी ओढून वेग वाढवता येतो, हा तर फायदाच.

वारा मात्र ओळखावा. या फेकीचे दोन प्रकार आहेत: तो प्रवाहाविरुद्ध वाहत असेल तर सिंगल स्पे, प्रवाहाबरोबर असेल तर डबल स्पे. नाहीतर गळ थेट तोंडावर येतो.

चष्मा, टोपी विसरू नका. आणि तलावांवरचे मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा आधी परवानगी घ्या.