गालिच्यावरील रंगाचा डाग

नाताळच्या सुटीनंतर एका कुटुंबाकडे घरभेटीस गेलो होतो. दिवाणखान्यात पाऊल टाकताच काहीतरी चुकल्यासारखे वाटले. त्या खोलीची शोभा असलेला लोकरीचा गालिचा जागेवर नव्हता. मुलांच्या आजोबांनी निवृत्तीच्या वर्षी ग्वाल्हेरहून आणलेला, साय-रंगाच्या भूमीवर तांबूस वेलबुट्टीचा तो गालिचा मी कितीदा तरी पाहिला होता. विचारणा करताच घरधनीण खिन्नपणे म्हणाली, “फादर, डाग गेला हो, पण डागाबरोबर गालिचाही गेला!”

हकीगत साधीच होती. मोठ्या मुलाच्या वाढदिवसाला धाकट्या मुलीच्या हातून लाल सरबताचा पेला कलंडला. सारे घर धावले. एकाने कपडे धुण्याचा ब्रश घेतला, दुसऱ्याने कढत पाणी ओतले, आणि एवढ्यानेही लाली जाईना तेव्हा स्नानगृहातील ब्लीचची बाटली आली. संध्याकाळपर्यंत लाली फिकटली खरी. परंतु त्या जागची लोकर पिवळी पडली आणि दोन दिवसांनी बोट लावताच तळहाताएवढ्या भागातील लव गळून आली. ती सात वर्षांची मुलगी दाराआडून आमचे बोलणे ऐकत होती. त्या दिवसापासून ती दिवाणखान्यात पाण्याचा पेलादेखील आणीत नाही, असे तिच्या आईनेच मला सांगितले.

या घरात कोणी निष्काळजी नव्हते. सर्वांनी मनापासून धडपड केली. परंतु प्रत्येक उपाय नेमका उलटा पडला. असा प्रसंग आपल्यापैकी कोणाच्याही घरी उद्या उद्भवू शकतो. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करणे उपयुक्त ठरेल.

डाग म्हणजे काय?

गालिच्यावरील रंगीत डाग म्हणजे नको त्या जागी झालेले रंगकाम होय. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली की पुढचे सारे नियम आपोआप उमगतात.

१८५६ साली विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने जांभळा कृत्रिम रंग शोधून काढला. त्यापूर्वी गालिच्यांचे सूत रंगविण्यास मंजिष्ठ, नीळ, लाख, डाळिंबाची साल असे निसर्गातील पदार्थच वापरीत. यांतील बहुतेक रंगांसाठी रंगारी सुताला तुरटीचे पुट देई व मग ते रंगाच्या पाण्यात तापवीत ठेवी. कृत्रिम रंग आल्यावर द्रव्ये बदलली. परंतु लोकर रंगविण्याची मूळ रीत तीच राहिली. लोकरीवर रंग पक्का बसण्यास आंबट द्रावण, उष्णता व पुरेसा वेळ या तीन गोष्टी लागतात.

आता लाल सरबताचा विचार करा. बाजारी सरबतांत व मिठायांत घातलेले कित्येक कृत्रिम लाल रंग हे ज्या रंगांनी लोकर रंगवितात त्यांच्याच कुळातील असतात. सरबतात बहुधा सायट्रिक आम्लही असते. म्हणजे रंग आणि आंबटपणा पेल्यातच एकत्र होते. वर आपण कढत पाणी ओतले, आणि रंगाऱ्याचे काम स्वतःच्या हातांनी पुरे केले!

घासल्याने काय होते? लव विसकटते, तंतू तुटतात आणि रंग बाजूला पसरून खोलवर जातो. क्लोरीनयुक्त ब्लीच तर लोकरीचा वैरीच. केसांप्रमाणे लोकरही प्रथिनांची बनलेली असते. ब्लीचने ती पिवळी व ठिसूळ होते, आणि द्रावण तीव्र असेल तर चक्क विरघळते. रेशमाचीही तीच गत.

गालिचा कशाचा आहे?

उपाय करण्यापूर्वी गालिच्याची जात ओळखली पाहिजे. आपल्या घरांत नाना प्रकारची बिछायत असते. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले; वरंगळच्या सतरंज्यांना ते २०१८ साली मिळाले होते. बेळगावकडील वाचकांना धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदचे जमखाने ठाऊक असतील. याखेरीज यंत्रावर तयार झालेले नायलॉनचे व पॉलिप्रॉपिलीनचे स्वस्त गालिचे आता घरोघर दिसतात.

शंका असल्यास कडेच्या झालरीतील एक बारीक धागा तोडून, चिमट्यात धरून, ताटलीवर जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख मऊ व करडी असते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गोळी बनते. मात्र झालर सुताची व लव लोकरीची असेही पुष्कळदा असते. तेव्हा लवेचाही एखादा तंतू तपासावा. हे काम मुलांना करू देऊ नये.

पहिली दहा मिनिटे

डाग पडल्यावरची पहिली दहा मिनिटे पुढच्या दहा दिवसांहून मोलाची असतात. या वेळी करावयाचे काम अगदी साधे आहे.

प्रथम स्वच्छ, पांढरे, सुती फडके घ्यावे. रंगीत फडक्याचा स्वतःचाच रंग लागण्याचा संभव असतो. ते डागावर ठेवून तळहाताने दाबावे व उचलावे, घासू नये. फडक्याची कोरडी बाजू पुनःपुन्हा बदलीत राहावे. डागाच्या कडेकडून मध्याकडे यावे, म्हणजे तो पसरत नाही. फडक्यावर रंग येईनासा झाला की थोडे थंड पाणी शिंपडून पुन्हा टिपावे. ताजा डाग पुष्कळदा एवढ्यानेच बराचसा निघतो.

यानंतरही डाग उरला तर कपभर थंड पाण्यात पाव चमचा सौम्य द्रवरूप साबण मिसळावा. परंतु डागावर लावण्यापूर्वी हे पाणी गालिच्याच्या एखाद्या झाकल्या कोपऱ्यावर लावून, त्यावर पांढरे फडके पाच मिनिटे दाबून धरावे. फडक्यावर गालिच्याचाच रंग उतरला तर तेथेच थांबावे व जाणत्या कारागिरास बोलवावे. रंग न उतरल्यास साबणाचे पाणी फडक्याने डागावर लावावे, टिपावे, आणि शेवटी साध्या पाण्याने साबण पूर्ण काढून टाकावा. साबणाचा अंश राहिल्यास त्यावर धूळ चिकटते व काही दिवसांनी तेथे काळसर डाग उमटतो.

डाग गेला असे वाटते आणि सकाळी तो पुन्हा वर आलेला दिसतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. यात गूढ काही नाही. दिव्याच्या वातीतून तेल चढते तसे बुडाशी राहिलेले रंगीत पाणी वाळताना तंतूंमधून वर चढते. म्हणून शेवटी कोरड्या पांढऱ्या टॉवेलाची जाड घडी डागावर ठेवून, वर प्लास्टिकचा कागद व त्यावर जड वस्तू ठेवावी आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. वर येणारा रंग टॉवेल शोषून घेतो.

डागाडागांत फरक

हळदीचा डाग आपल्या घरांत सर्वांत जास्त. साबण लावताच हळद लाल होते आणि गृहिणी घाबरते. घाबरण्याचे कारण नाही. हळदीचे रंगद्रव्य क्षाराने लाल होते व आम्लाने पुन्हा पिवळे. हळदीला चुना वा क्षार लावून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर आधारलेली आहे. हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, पण स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून फडक्यावर थोडे स्पिरिट घेऊन टिपावे. मात्र दिवा, शेगडी जवळ नसावी. आणि ज्या गालिच्याची पाठ रबरासारख्या द्रव्याने चिकटविलेली असते त्यावर स्पिरिट ओतू नये, पाठ सुटते. उरलेली पिवळी छटा सूर्यप्रकाशाने फिकट होते. परंतु ऊन गालिच्याचे स्वतःचे रंगही उडविते. म्हणून डागापुरती जागा उघडी ठेवून बाकीचा गालिचा जाड चादरीने झाकावा.

कोकम, जांभूळ, द्राक्षरस यांचा रंग पाण्यात विरघळणारा असतो. तो आम्लात लाल व क्षारात निळसर होतो. म्हणून येथे सोडा लावू नये. थंड पाण्याने टिपल्यावर एक भाग पांढरे व्हिनेगर व दोन भाग पाणी यांचे मिश्रण लावून पुन्हा टिपावे. चहाच्या डागासही हाच उपाय चालतो. मात्र लोकरीवर कृत्रिम रंगाचे सरबत सांडले असेल तर व्हिनेगर वापरू नये. आम्लाने तो रंग लोकरीवर अधिकच पक्का होतो.

इंदूरला रंगपंचमीची गेर पाहून परतणाऱ्यांच्या पायांबरोबर कोरडा रंग घरात येतो. त्यावर पाण्याचा थेंबही पडू देऊ नये. कोरडी भुकटी हलक्या हाताने झटकून वा व्हॅक्यूम यंत्राने ओढून घ्यावी. ओला होईपर्यंत तो केवळ धूळ असतो. ओला झाला की रंग होतो.

नाताळच्या रंगीत मेणबत्तीचे मेण पडले तर बर्फाची पिशवी ठेवून ते कडक करावे व बोथट चमच्याने खरवडावे. घाईने इस्त्री फिरवू नये; उष्णतेने मेणातील रंग तंतूंत उतरतो, आणि पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा असेल तर तोच वितळतो. बॉलपेनच्या शाईला स्पिरिटचे फडके पुरते. पण तेथेही टिपावे, घासू नये.

एक इशारा

निराशेच्या भरात माणूस घरातील बाटल्या एकात एक ओतू लागतो. हे प्राणावर बेतू शकते. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले द्रावण पडले तर विषारी वायू निघतो. व्हिनेगर वा संडास साफ करण्याचे आम्ल पडले तर क्लोरीन वायू बाहेर येतो. बंद खोलीत, जमिनीवर वाकून काम करणाऱ्या आईच्या व तिच्याशेजारी बसलेल्या लेकराच्या छातीत तो थेट जातो. अशी कोणतीही दोन द्रव्ये कधीही एकत्र करू नयेत. एक उपाय करून झाल्यावर तो पाण्याने पूर्ण काढून मगच दुसरा करावा, आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

कोठे थांबावे?

काही डाग पूर्ण जात नाहीत. लोकरीवर पक्का बसलेला लाल रंग काढावयाचा तर तंतूलाच इजा करावी लागते. अशा वेळी फिकट छटा राहू देणे हेच शहाणपण. एका चौरस इंचात १०० गाठी धरल्या तर ६ फूट लांब व ४ फूट रुंद गालिच्यात ३,४५,६०० गाठी होतात. प्रत्येक गाठ कोणीतरी माघावर बसून हाताने मारलेली असते. त्या श्रमापुढे फिकट गुलाबी ठिपका काय मोठा? त्यावर तिपाई सरकवावी, किंवा गालिचा फिरवून घालावा. लव गळून गेली असली तरी कुशल रफूगार त्याच रंगाच्या लोकरीने नव्या गाठी मारू शकतो.

ही शेवटची गोष्ट मी त्या कुटुंबास सांगितली. गालिचा माळ्यावरून खाली आला आणि रफूसाठी रवाना झाला. पुढच्या भेटीत तो जागेवर होता. नव्या गाठींचा रंग जुन्याशी तंतोतंत जुळला नव्हता. जवळून पाहिल्यास कळत होते.

चहा आला तेव्हा आईने मुद्दाम त्या मुलीलाच हाक मारली व पाण्याचा पेला माझ्याकडे आणावयास सांगितले. मुलगी गालिच्याच्या कडेशी क्षणभर थबकली. “ये, बाळ, ये,” आई म्हणाली, “सांडले तर फडके आहे की आपल्याकडे.” मुलगी दोन्ही हातांनी पेला धरून गालिच्यावरून चालत आली. तिपाईच्या खालच्या फळीवर पांढऱ्या सुती फडक्यांची घडी नीट ठेवलेली मला दिसली.