अवतरण यंत्रणा, विमानाची : बिघाड व अपघात

विमान जमिनीवर असताना त्याचा भार पेलणारी, उतरतानाचा आघात शोषून घेणारी आणि उड्डाणानंतर बहुधा मिटवून आत घेतली जाणारी चाके, स्तंभ, गतिरोधक व दारे यांच्या समूहाला अवतरण यंत्रणा म्हणतात. व्यवहारात ‘लँडिंग गिअर’ हेच नाव रूढ आहे. नावात अवतरण असले, तरी या यंत्रणेच्या बिघाडातून मोठी जीवितहानी झालेले कित्येक अपघात उड्डाण घेताना चाकांत निर्माण झालेल्या उष्णतेमुळे घडले आहेत. याउलट चाके न उघडल्याने पोटावर उतरलेल्या विमानांतील प्रवासी बहुतेक वेळा वाचले आहेत.

रचना : प्रवासी विमानात नाकाखाली एक व पंखांच्या मुळाशी दोन किंवा अधिक पाय असतात. बोइंग ७४७-४०० या विमानाचा उड्डाणाच्या वेळचा सु. ३,९७,००० किग्रॅ.पर्यंतचा भार १८ चाकांवर विभागलेला असतो. पायाच्या स्तंभात तेल व नायट्रोजन वायू भरलेला असतो. जमिनीचा आघात होताच तेल अरुंद छिद्रातून रेटले जाते, वायू दाबला जातो व आघाताची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विखुरते. चाके उघडण्यामिटविण्याचे काम सामान्यतः दर चौ. सेंमी.ला सु. २१० किग्रॅ. दाबाच्या द्रवचालित यंत्रणेने होते. पाय पूर्ण उघडून अडकण्यात बसला, म्हणजे वैमानिकासमोर त्या पायाचा हिरवा दिवा लागतो. द्रवदाब नाहीसा झाल्यास अडकणे मोकळे करून चाके स्वतःच्या वजनाने खाली पडू देण्याची पर्यायी सोय असते.

चाके न उघडणे : ही पर्यायी सोयही एखाद्या क्षुल्लक कारणाने निकामी होऊ शकते. १ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूअर्कहून वॉर्साला आलेल्या पोलिश कंपनीच्या बोइंग ७६७ विमानातील मध्यवर्ती द्रवचालित यंत्रणेतील द्रव उड्डाणानंतर लवकरच गळून गेला होता. पर्यायी सोयीला वीज पुरविणाऱ्या मंडलातील एक खंडक-कळ उघडी राहिली होती व ती कोणाच्या लक्षात आली नाही. विमान पोटावर उतरले. त्यातील सर्व २३१ जण सुखरूप बाहेर पडले. विमान मात्र पुन्हा उडाले नाही. त्या वेळी धावपट्टीवर फेस पसरला होता. हा उपाय पाहणाऱ्याला दिलासा देतो. त्याची उपयुक्तता मात्र शंकास्पद असून अमेरिकेच्या नियामक संस्थेने त्याची शिफारस मागे घेतली आहे.

चाक उघडले, पण वाकडे उघडले, असेही घडते. २१ सप्टेंबर २००५ रोजी लॉस अँजेल्स येथे एका एअरबस ए ३२० विमानाची नाकाखालची चाके काटकोनात वळलेली होती. या विमानात हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसल्याने सु. तीन तास घिरट्या घालून इंधन जाळावे लागले. टायर फाटले, धातूच्या कडा धावपट्टीवर घासून ठिणग्या उडाल्या. पण १४६ पैकी कोणालाही इजा झाली नाही.

बिघाडापेक्षा त्याकडे लागलेले लक्षच घातक ठरल्याची दोन उदाहरणे प्रसिद्ध आहेत. २९ डिसेंबर १९७२ रोजी मायामीजवळ लॉकहीड ट्रायस्टार विमानाच्या नाकाखालच्या चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. चाक योग्य स्थितीत होते. दिवाच गेलेला होता. विमानकक्षातील सर्व जण त्यात गुंतले असताना विमानाची उंची हळूहळू घटत गेल्याचे कोणी पाहिले नाही व ते दलदलीत कोसळले. १७६ पैकी १०१ जण मृत्यू पावले. २८ डिसेंबर १९७८ रोजी पोर्टलंड (ऑरेगन) येथे डीसी-८ विमानाचा उजवा मुख्य पाय धक्क्याने खाली आला. त्याची खातरजमा व प्रवाशांची तयारी करण्यात सु. एक तास गेला; इंधन संपून विमान उपनगरात पडले व १० जण दगावले. सहकाऱ्यांनी इंधनाचा इशारा दिला होता, पण तो पुरेशा आग्रहाने दिला नव्हता आणि ऐकला गेला नव्हता. वैमानिकांना परस्परांशी बोलण्याचे व कामाची वाटणी करण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्याची प्रथा या अपघातानंतर रुजली.

टायर, गतिरोधक व उष्णता : विमानाच्या टायरमधील दाब सु. १४ किग्रॅ./चौ. सेंमी. म्हणजे मोटारीच्या टायरच्या कित्येक पट असतो. दाब कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो व रबराच्या या सततच्या मोडणीतून उष्णता साचते. शिवाय त्याचा भार त्याच आसावरील जोडीदार टायरवर पडतो. म्हणून दाब कमी असलेला टायर स्वतः टिकला, तरी शेजारच्याचा घात करू शकतो.

११ जुलै १९९१ रोजी जेद्दा येथे नेमके हेच घडले. हजहून परतणाऱ्या नायजेरियन यात्रेकरूंना सोकोटो येथे नेणाऱ्या कॅनडाच्या डीसी-८ विमानाच्या दोन टायरांतील दाब कमी असल्याचे तंत्रज्ञांच्या ध्यानात आले होते. नायट्रोजन लगेच उपलब्ध नव्हता आणि विलंब टाळण्यासाठी विमान तसेच वापरात ठेवण्यात आले. उड्डाणाच्या धावेत जोडीदार टायर फुटला, पाठोपाठ कमी दाबाचाही फुटला. एक चाक फिरायचे थांबून धावपट्टीवर घासत गेले व पेटले. वैमानिकांना आवाज ऐकू आला आणि टायर गेल्याची शंकाही आली. पण आगीची कल्पना येण्यास साधन नव्हते. नित्याप्रमाणे चाके मिटविण्यात आली आणि जळते रबर विमानाच्या पोटात गेले. मग हवादाब, द्रवदाब व नियंत्रणे यांचे एकमेकांशी संबंध नसल्यासारखे वाटणारे इशारे ओळीने येऊ लागले. विमान माघारी वळले, पण धावपट्टी गाठण्यापूर्वीच कोसळले. त्यातील सर्व २६१ जण मृत्युमुखी पडले. चाके बाहेरच ठेवली असती, तर कदाचित अपघात टळला असता, असे चौकशीत नमूद झाले. मात्र तसे करण्याचे कारण वैमानिकांना त्या क्षणी दिसत नव्हते. खरा निर्णय जमिनीवर, टायर न बदलण्याचा, आधीच झालेला होता.

याआधी ४ सप्टेंबर १९६३ रोजी स्वित्झर्लंडमध्ये कॅराव्हेल विमानाने धावपट्टीवरील धुके पांगविण्यासाठी एंजिने जोरात चालवून व गतिरोधक दाबून धरून दूरवर फेरी मारली. तापलेल्या चाकामुळे उड्डाणानंतर आग लागली व ८० जण मृत्यू पावले. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकोत बोइंग ७२७ च्या तापलेल्या गतिरोधकामुळे मिटविलेल्या पायातील टायर फुटला आणि इंधनाच्या व द्रवाच्या नळ्या तुटल्या; १६७ बळी गेले. त्या टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. अतितप्त टायरमध्ये हवेतील ऑक्सिजन रबरातून निघणाऱ्या ज्वलनशील वायूंबरोबर स्फोट घडवू शकतो. म्हणून मोठ्या विमानांच्या टायरांत नायट्रोजन भरण्याची सक्ती पुढे अमेरिकेत झाली. चाकाच्या कड्यात वितळणारी बुचेही बसवितात. ठराविक तापमानाला ती वितळून टायर न फुटता रिकामा होतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ काँकॉर्ड विमानाचा टायर मात्र उष्णतेने नव्हे, तर दुसऱ्या विमानातून गळून पडलेल्या सु. ४३ सेंमी. लांबीच्या धातूच्या पट्टीने फाटला. त्याचा तुकडा इंधनटाकीवर आदळून आग लागली व जमिनीवरील चौघांसह ११३ जण मृत्यू पावले.

धावपट्टी व तिचा परिसर : पोटावर उतरलेले विमान थांबविण्यास गतिरोधक नसतात, त्यामुळे पुढे मोकळी जागा किती आहे, यावर सर्व काही अवलंबून असते. २९ डिसेंबर २०२४ रोजी दक्षिण कोरियातील मुआन येथे बोइंग ७३७-८०० विमान पक्ष्यांच्या धडकेनंतर चाके न उघडता उतरले, घसरत धावपट्टीपलीकडे गेले आणि दिशादर्शक आकाशकांसाठी उभारलेल्या काँक्रीटयुक्त बांधावर आदळले. १८१ पैकी १७९ जण मृत्यू पावले. अशा जागी आदळताच मोडणारीच बांधकामे असावीत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. महाराष्ट्रात २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) उडालेल्या बोइंग ७३७ चा डावा मुख्य पाय धावपट्टीपलीकडील बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गठ्ठ्यांच्या मालमोटारीला लागला. नंतर विमान विजेच्या तारांना धडकून पडले व ११८ पैकी ५५ जण दगावले. येथे यंत्रणेत दोष नव्हता. वैमानिकांनी विमान उशिरा उचलले आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक रोखलेली नव्हती, ही कारणे चौकशीत पुढे आली.

एकदा पोट जमिनीला लागल्यावर पुन्हा उड्डाण घेणे सर्वांत धोक्याचे होय. २२ मे २०२० रोजी कराची येथे एअरबस ए ३२० चाके मिटलेली असतानाच धावपट्टीवर टेकले. इशारे वाजत होते. एंजिने घासली गेली असतानाही विमान पुन्हा वर नेण्यात आले. थोड्याच वेळात दोन्ही एंजिने बंद पडली व विमान वस्तीत कोसळले. त्यातील ९९ पैकी दोघेच वाचले.