मनोरुग्णाचे व्यसन आणि औषधोपचार

स्किझोफ्रेनियासारखा विकार जडलेला मनुष्य मद्याच्याही आहारी गेला, की ‘आधी व्यसन सोडवा, मग मनाचा इलाज करू’ हा सल्ला त्याच्या कुटुंबीयांना वर्षानुवर्षे मिळत आला. परंतु उपचारावाचून राहिलेला मनोविकार व्यसनाला बळ देतो आणि व्यसन मनोविकाराला, म्हणून दोहोंवरील औषधयोजना एकाच वेळी व्हावी असेच आज मानसोपचारशास्त्राचे मत आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मनोविकाराच्या व्याख्येतच केला आहे.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. घरची माणसे, बहुधा पत्नी किंवा आई, सर्व उपाय थकल्यावर डायसल्फिरामची गोळी कुटून रुग्णाच्या नकळत भाजीत मिसळतात, आणि तिने दारूची इच्छाच मरते असे मानतात. वस्तुतः १९४८ साली कोपनहेगन येथील हाल्ड व याकोबसेन यांनी पुढे आणलेले हे औषध शरीरातील एका विकराचे कार्य रोखते; मद्यापासून बनणारे ॲसिटाल्डिहाइड त्यामुळे साठून राहते, आणि मग चेहरा लाल होणे, वांत्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणे, क्वचित मृत्यूदेखील ओढवतो. औषध बंद केल्यावरही हा धोका सुमारे दोन आठवडे टिकतो. ‘आज घोट घेतला तर काय होईल’ हे रुग्णास ठाऊक असणे हाच या उपचाराचा प्राण आहे. शिवाय हे औषध मेंदूतील डोपामिनच्या व्यवहारात ढवळाढवळ करीत असल्यामुळे चित्तभ्रम बळावू शकतो. आणि आपल्या अन्नात कोणी काही कालवते असा ज्याचा भ्रम आहे, त्याच्या ताटात खरोखरीच काही कालवणे म्हणजे त्याच्या भ्रमास आपल्या हाताने पुरावा देणे होय. ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्झोन व ॲकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. पहिल्यापूर्वी यकृताची, दुसऱ्यापूर्वी मूत्रपिंडाची तपासणी जरूर करावी.

अफू किंवा हेरॉइनच्या रुग्णास ब्युप्रेनॉर्फिन देणे म्हणजे एका व्यसनाच्या जागी दुसरे आणणे, अशीही हरकत घेतली जाते. वैद्यकीय देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेले हे औषध तडफड शमविते, पण धुंदी आणीत नाही, आणि अतिमात्रेने होणारे मृत्यू कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ पासून त्यास अत्यावश्यक औषधांत स्थान दिले आहे. मात्र त्याच्या जोडीला झोपेच्या गोळ्या किंवा मद्य घेतल्यास श्वास मंदावतो, सबब रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची माहिती डॉक्टरांस असलीच पाहिजे.

‘बिचाऱ्याची विडी तरी राहू द्या’ ही दया मला समजते, पण पटत नाही. धूम्रपान सोडविणाऱ्या व्हॅरेनिक्लीनने मन बिघडते ही भीती २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासाने बरीचशी दूर केली. त्यांतील सुमारे निम्म्यांना मनोविकाराचा पूर्वेतिहास होता. खबरदारी घ्यायची ती अन्यत्र: विडीचा धूर क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरील औषधाचे यकृतातील विघटन वेगाने घडवितो, म्हणून विडी सुटताच रक्तातील औषधाचे प्रमाण चढते आणि मात्रा घटवावी लागते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे तंबाखू चघळणाऱ्याने किंवा मिसरी लावणाऱ्याने ती सोडल्यास असा फेरबदल सहसा करावा लागत नाही, परंतु विडी ओढणाऱ्याने ती कोणत्या दिवशी सोडली, हे घरच्यांनी मानसोपचारतज्ज्ञांस त्याच दिवशी कळवावे.